दंडाच्या पावत्या

सिव्हिल लाइन्समध्ये माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. नावात बदल, हरवलेला दाखला, वारस मीच, असली प्रतिज्ञापत्रं दिवसभर टाइप करते. 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' एवढे शब्द माझी बोटं झोपेतही टाइप करतील. त्यामुळे 2019 च्या फेब्रुवारीत मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा, फोन आला, "पोरी, आमाले वावरातून काढून रायले म्हंते, तू पाह्य जरा", तेव्हा मला ते आठवडाभराचं काम वाटलं. नकला काढायच्या, अर्ज लिहायचा, शिक्का घ्यायचा. त्यात साडेसहा वर्षं गेली, आणि ते अजून पुरतं संपलेलं नाही.

फोन आला त्याचं कारण असं की 13 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता: वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून काढा. 28 तारखेला त्याच न्यायालयाने तो थांबवला. पण आदेश गावात पोचायला एक दिवस लागला आणि स्थगिती पोचायला महिना. मधल्या काळात मोठाईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, तुरीची पोती पावण्याकडे नेऊन ठेवली होती.

आमचं गाव नागपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पेंचच्या जंगलाच्या अंगाला. घरं बहुतेक गोंडांची, दहा-बारा आम्हा गोवाऱ्यांची. आम्ही पिढीजात गायकी. सकाळी आखरावर गुरं गोळा करायची, जंगलात न्यायची, सांजच्याला परत आणायची. दिवाळीला ढाल निघते, गायगोधन होतं, तेव्हा गावाला आमची आठवण येते. मोठेबाबांचं वावर म्हणजे जंगलाच्या कडेचे तीन एकर: तूर, धान, धानामागून लाखोळी, खालच्या अंगाला एक बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि धुऱ्यावर चार मोह. ही जमीन त्यांच्या बापाने, म्हणजे माझ्या आज्याने, झुडपं काढून वाहिती केली. सातबारावर तिचा मालक सरकार.

माझे बाबा नागपुरात आले ते 1994 नंतर. 23 नोव्हेंबर 1994 ला अधिवेशनावर गोवाऱ्यांचा मोर्चा निघाला आणि चेंगराचेंगरीत 114 जण गेले, बहुतेक बाया आणि लेकरं. बाबा त्या गर्दीत होते. मागणी एवढीच होती की आम्हाला अनुसूचित जमातीत धरा. आता सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. मी रोज त्याच्याखालून दुकानात जाते. पुलाच्या नावात आम्ही आदिवासी, दाखल्यावर 'विशेष मागास प्रवर्ग'.

हे सांगायचं कारण म्हणजे आमची सगळी भानगड त्या एका शब्दावर उभी आहे. वनहक्क कायदा 2006 चा. त्यात दोन रांगा आहेत. अनुसूचित जमातीच्या माणसाने 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमिनीवर ताबा होता एवढं दाखवलं की पुरे. जो त्या यादीत नाही तो 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्याने त्या तारखेआधी तीन पिढ्या जंगलात राहून जंगलावरच पोट भरलं हे दाखवायचं. एक पिढी 25 वर्षांची, म्हणजे 75 वर्षं. हिशोब केला तर 1930 चा डिसेंबर येतो. मोठेबाबांच्या धुऱ्याला लागून गोंडांचं वावर आहे. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी झुडपं एकाच उन्हाळ्यात काढली, एकमेकांचे बैल वापरून. त्यांचा पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, 2012 ला घरी आला. आमच्या दाव्यावर 'पुरावा अपूर्ण'.

हेही मला फाइल उघडल्यावर कळलं. दावा फेटाळल्याचं पत्र घरी आलंच नव्हतं. कोणीतरी बाजारात तोंडी सांगितलं होतं. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे दावा नाकारायचा तर कारणासकट लेखी कळवावं लागतं आणि तिथून 60 दिवसांत अपील करता येतं. पत्रच नाही तर दिवस मोजायचे कुठून? माझ्या दुकानात येणारे एक वयस्क वकील चहा पिता पिता म्हणाले, "बाई, पत्र नाही आलं हे तुमचं नशीब. मुदत अजून सुरूच नाही झाली." त्यांनीच कलम 4 मधलं एक वाक्य खुणेने दाखवलं: पडताळणीची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय कोणाला जमिनीवरून काढता येत नाही. ते मी मोठ्या टायपात छापून लॅमिनेट केलं आणि मोठेबाबांना दिलं. त्यांनी ते देव्हाऱ्याशेजारी टांगलं. मोठेबाबांना वाचता येत नाही, पण कोणी खाकीवाला दिसला की ते लॅमिनेशन आडवं धरत.

पहिली दोन वर्षं मी चुकीच्या रस्त्याने गेले, हे कबूल केलं पाहिजे. ऑगस्ट 2018 मध्ये नागपूर खंडपीठाने गोवारी हे अनुसूचित जमातीचेच असा निकाल दिला होता. मी म्हटलं, मग 1930 चा कागद हुडकायचा कशाला? पहिल्या रांगेतच उभं राहू. जातीच्या दाखल्याच्या मागे लागले, त्यासाठी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरच्या नकला काढल्या, फोटो, स्टॅम्प, खेटे. मग लॉकडाऊन. मग 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी रात्री दुकानाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं: 1930. आणि खाली रेघ मारली.

गायक्याचा 1930 चा कागद कुठून आणायचा? शेतकऱ्याचं नाव खसऱ्यात असतं, मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, बंदोबस्ताच्या मिसलीत. जो माणूस दुसऱ्याची गुरं घेऊन सकाळी गावाबाहेर जातो त्याचं नाव कोण कशाला लिहील? मी आधी 1954-55 चा अधिकार अभिलेख काढला. त्यात गावातली सगळी पाटीलकी होती, आम्ही नव्हतो. निस्तार पत्रक काढलं. हा विदर्भाचा जुना कागद: गावाने जळाऊ लाकूड कुठून घ्यायचं, गुरं कुठे चारायची, मुरूम, माती, मसणवट कुठे, हे त्यात असतं. त्यात आमचा आखर निघाला. 'गुरे उभी करण्याची जागा', गट नंबरसकट. मला इतका आनंद झाला की मी कारकुनासमोरच मोबाइल काढून बाबांना फोन लावला. कारकून म्हणाला, "मॅडम, जागा निघाली, तुमचं नाव कुठी निघालं?"

नाव निघालं कोतवाल बुकात. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहून घेई. त्या वह्या तहसिलींच्या अभिलेख कक्षात बांधून ठेवलेल्या असतात. जात पडताळणीसाठी लोक त्या नेहमी काढतात, त्यामुळे अर्जाची वाट मळलेली आहे. वाट मळलेली असली तरी आमची वही 'सापडत नाही' या अवस्थेत चौदा महिने होती. दर पंधरवड्याला मी मोरभवनवरून एसटी पकडायची, दुकान भावाच्या भरवशावर टाकायचं, आणि तिथे जाऊन 'आज साहेब मीटिंगला' ऐकायचं. शेवटी वही सापडली ती एका शिपायाला. तो स्वतः ढिवर समाजाचा. तो म्हणाला, "तुमचंच आमचं सारखंच, ताई. मासोळ्यांची बी कोनी नोंद ठेवत नाही."

वही मोडीत होती. गावातल्या कोणाला मोडी येत नाही, मला तर नाहीच. नागपुरात मोडी वाचणारे अजून आहेत. जात पडताळणीमुळे त्यांना काम मिळतं. एरवी त्यांना कोणी विचारलं नसतं. त्यांतल्या एकांनी भिंग लावून दोन पानं वाचली आणि तिसऱ्यावर थांबले. सन 1928. बापाचं नाव माझ्या पणज्याचं, जात गोवारी, गाव आमचं. अपत्य: 'मुलगा'. पुढे काही नाही.

"नाव?" मी विचारलं.

"जन्माच्या नोंदीत पुष्कळदा नसतंच. बारसं व्हायच्या आधी कोतवाल येऊन जायचा."

म्हणजे माझा आजा 1930 च्या आधी जन्मला हे सिद्ध झालं, पण तो माझा आजाच होता हे राहिलं. नियमात वंशावळीची सोय आहे: जुन्या अभिलेखातल्या माणसापर्यंत नातं जोडून दाखवा. शिवाय दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घेता येतात. मी गावी जाऊन वंशावळ काढायला बसले. मोठाईने सांगितली, मोठेबाबांना मेलेल्या बैलांची नावं आठवत होती पण आत्यांची नाही. जबाब द्यायला आली शेजारच्या गोंडांची म्हातारी. वय तिलाच ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं की आज्याला तिचा सासरा 'लंगड्या गायकी' म्हणायचा, कारण त्याला लहानपणी रानडुकराने मांडीत मारलं होतं. मी टाइप केलं, वाचून दाखवलं. ती म्हणाली, "डुक्कर लिवलं काय?" लिहिलं होतं. मग अंगठा दिला.

ताब्याचा पुरावा मात्र अचानक निघाला, आणि तोही मोठाईच्या पेटीतून. मी 2005 च्या आधीचा ताबा कसा दाखवायचा म्हणून डोकं धरून बसले होते. ती म्हणाली, "त्या पावत्या चालते काय?" लुगड्याच्या घडीखाली प्लास्टिकच्या पिशवीत वनविभागाच्या दंडाच्या पावत्या होत्या. सात. सगळ्यात जुनी 1987 ची, 'रोपवनात गुरे चारणे'. 1993 ची वाचून मी खाली बसले: 'वनजमिनीवर अतिक्रमण करून तूर पेरणे'. वर मोठेबाबांचं नाव, गट नंबर, तारीख, सही. आमच्या घराण्यात कागदावर नाव यायचं ते असं, दंड भरताना.

मोठेबाबांना पावत्या ठेवल्याचंच माहीत नव्हतं. त्यांना लाज वाटत होती. "गुन्ह्याचे कागद दाखवतं तू सायबाले?" मी सांगितलं, तुमच्याकडे सरकारी सहीचा पुरावा हाच आहे की तुम्ही तिथे होतात. दावेदारांमध्ये हे जुनंच आहे. पूर्व विदर्भात कित्येक दावे अशा पावत्यांवर उभे राहिलेत. एरवी नियमच सांगतो की समितीने एखाद्याच प्रकारच्या कागदाचा हट्ट धरू नये, आणि उपग्रहाचं चित्र हे दुसऱ्या पुराव्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. पण नियम माहीत असणं एक आणि टेबलापलीकडच्या माणसाने तो वाचलेला असणं दुसरं.

ग्रामसभेचा ठराव नव्याने लागणार होता. निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. पहिल्या सभेला गणसंख्या भरली नाही, दुसरीला लग्न होतं. तिसरी रात्री नऊला शाळेत भरली. त्या सभेबद्दल थोडं सांगते, कारण वनहक्क म्हटलं की नागपुरातल्या लोकांना वाटतं, जंगल तोडायला परवाना मिळाला. माझ्या दुकानात येणारे चांगले शिकलेले लोक मला हे ऐकवतात. त्या रात्री पाच दावे आले होते. त्यातले दोन ग्रामसभेने स्वतः नाकारले. एकाने 2014 ला ट्रॅक्टर लावून जंगल मोडलं होतं. सगळ्या गावाने पाहिलं होतं. तो माणूस सरपंचाचा साळा. गोंडांची एक सून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी मोह तोडले तवा आमी काई बोललो नाही, आता सही बी मांगता?" दावा तिथेच पडला. कोणत्या समितीने, कोणत्या उपग्रहाने तो इतक्या लवकर पाडला असता?

त्याच सभेत सामूहिक दाव्याचंही, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क मागायचंही, बोलणं निघालं. मेंढा-लेखाचं नाव आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गडचिरोलीतलं ते गाव, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. सामूहिक वनहक्क तिथे 2009 ला आला, आणि 2011 ला स्वतःचा बांबू स्वतः विकायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात पडला. आमच्याकडे तेवढा बांबू नाही, मोह आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि वणवा तिथूनच लागतो. बायांनी ठरवलं की या वर्षापासून जाळायचं नाही, झाडून जुन्या साड्या अंथरायच्या. पहिल्या वर्षी अर्ध्या घरांनी पाळलं. मोठाई अर्ध्यांतली नव्हती. तिचं म्हणणं, कंबर तुमची नाही दुखत. दुसऱ्या वर्षी तिला साड्या मीच पाठवल्या.

यानंतर खरा खेळ सुरू झाला. पडताळणीला पटवारी आला आणि वनविभागाचा बीटगार्ड आला. मोजणी झाली, मोबाइलवरच्या नकाशात चार कोपऱ्यांवर टाचण्या रोवल्या. महिनाभराने अहवाल पाहिला. महसुलाचा शेरा: 'सदर जमीन झुडपी जंगल, महसूल विभागाची, वनहक्क कायदा लागू नाही.' वनविभागाचा शेरा: 'सदर क्षेत्र वनविभागाच्या ताब्यात नाही.'

झुडपी जंगल ही आमच्या सहा जिल्ह्यांची खास चीज आहे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. मालगुजारी संपली, मालगुजारांच्या ताब्यातली रानं सरकारजमा झाली, आणि खुरट्या झाडांची म्हणून महसुलाच्या कागदांत झुडपी जंगल नावाने राहिली. ती जंगल की महसुली, यावर पिढ्या गेल्या. आमच्या गावाने अंगणवाडीला जागा मागितली तेव्हा उत्तर आलं होतं की झुडपी म्हणजे वनच, 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी आणा. अंगणवाडी मागितली तर जंगल. पट्टा मागितला तर जंगल नाही.

मी दोन्ही शेरे शेजारी शेजारी झेरॉक्स केले आणि तिसरा कागद जोडला, 1993 ची पावती. खाली एकच प्रश्न टाइप केला: सदर जमीन वनविभागाची नव्हती, तर हा दंड कोणत्या जमिनीबद्दल घेतला? वकीलसाहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, यात माझं काही नको, असाच द्या. कायद्यातली वनजमिनीची व्याख्याही सोबत दिली. तिच्यात राखीव, संरक्षित, अवर्गीकृत, सीमांकन न झालेलं, मानीव, सगळं येतं. सुनावणीला साहेबांनी पावती उलटसुलट केली. "अरे, हे तर आपलंच आहे," एवढंच ते शेजारच्यांना म्हणाले. आणि फाइल पुन्हा अभिप्रायासाठी गेली.

ती अडकलेली असतानाच 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा झुडपी जंगलांवरचा निकाल आला: 12 डिसेंबर 1996 च्या जुन्या आदेशाप्रमाणे या जमिनी वनच समजायच्या. शहरात हळहळ झाली. झुडपीवर इमले, कचेऱ्या, वस्त्या उभ्या आहेत. मोठेबाबा टीव्हीवर 'अतिक्रमण' शब्द ऐकून पुन्हा घाबरले, लॅमिनेशन काढून पुसून ठेवलं. मला मात्र त्या निकालात आमच्यापुरतं एक दार दिसलं. आता कोणी म्हणू शकणार नव्हतं की ही वनजमीन नाही. आणि वनजमीन असेल तर वनहक्क कायदा आहेच. निकालाची पहिली आठ पानं आणि ते वाक्य असलेलं पान जोडून मी पुन्हा अर्ज दिला. त्या दिवशी माझ्या दुकानातून आमच्यासारख्याच चार जणांनी तीच पानं नेली. मी पैसे घेतले नाहीत, कागद मात्र संपला.

सप्टेंबरात उपविभागाने दावा मंजुरीच्या शिफारशीसह जिल्हा समितीकडे पाठवला. मोजणीत तीन एकरांचे दोन एकर सात गुंठे निघाले. बोडी बाहेर राहिली, कारण पाण्याखालची जमीन 'वहितीत नाही'. मोठाईचं नाव बरोबरीने आलं आहे. कायद्यानेच नवरा-बायकोचं संयुक्त लागतं. ती म्हणाली, बोडी नाही तर धान कुठी रोवू? बोडी आता सामूहिक दाव्यात टाकायची आहे, तो कागद वेगळा, त्याची फाइल माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. जिल्हा समितीची बैठक अजून झालेली नाही.

परवा गावी गेले होते. मोठेबाबांचे दोन बैल नव्या रोपवनाच्या तारेत शिरले आणि बीटगार्ड, पंचविशीचा पोरगा, त्यांना हाकत घेऊन आला. चांगला पोरगा आहे. म्हणाला, "काकाजी, या बारीला सोडतो, पुढच्या बारीला पाहाल जी." मोठेबाबा ओसरीवरून उठले, धोतराच्या सोग्यातून पैसे काढले आणि त्याच्यासमोर धरले.

"सोडू नको ना बाप्पा," ते म्हणाले. "पावती फाड. गट नंबर बरोबर लिव."